रूप बदलणारा रोबो आणि त्याची हरवलेली मूठ



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. संयोजकांनी फोनवर विषय विचारला, आम्ही "खेळणी" म्हणालो आणि त्यांना "लेणी" ऐकू गेलं. त्यामुळे बाहेरच्या फळ्यावर 'मावळातील लेणी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. ते पुसायला निघाले होते, आम्हीच म्हणालो राहू द्या. लोणावळ्यात बसून कुठल्याही विषयावर बोललं तरी कार्ल्यापर्यंत जावंच लागतं, आणि आज तर त्याची गरजच पडणार आहे. पण विषय खेळण्यांचाच. आणि खेळणी म्हणजे सावंतवाडीची लाकडी फळं किंवा ठकी बाहुली नव्हे. माणसासारखा उभा असलेला रोबो, त्याचे पाय दुमडले, डोकं आत सरकवलं की त्याचा ट्रक होतो, ती खेळणी. त्यांना ट्रान्सफॉर्मर्स म्हणतात. विजेच्या डीपीशी त्यांचा काही संबंध नाही, हे आमच्या शेजाऱ्यांना दोनदा सांगावं लागलं.

सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे कुठून सुचलं? तर माळ्यावरून. गेल्या दिवाळीच्या आधी तळेगावच्या घरातला माळा आवरायला काढला. पत्र्याच्या एका पेटीत मुलाची जुनी वह्या-पुस्तकं होती आणि त्यांच्या तळाशी हा रोबो. लाल छाती, निळे पाय. १९८५ च्या सुमारास आमच्या मेहुण्यांनी अमेरिकेहून आणला होता. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्या काळी आमची पुण्याला लोकलने ये-जा चालायची, घरात खेळण्यांवर खर्च करायची रीत नव्हती, आणि हे एवढं परदेशी खेळणं बघून आम्ही पहिलं वाक्य काय बोललो असू? "किती दिवस टिकणार हे?" पुढे त्याचा खोका आम्हीच रद्दीत दिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिची किंमत पुढे कळेल.

त्या दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला. लोहगड आणि विसापूर समोर दिसत असताना मावळातलं पोर दुसरं काय करणार? दगडमाती रचली, हाळीव पेरले, बाजारातून मातीचे मावळे आणले. आणि मुख्य बुरुजावर, महाराजांच्या सिंहासनापासून वीतभर अंतरावर, हा रोबो पहाऱ्याला उभा केला. मावळ्यांच्या तिप्पट उंचीचा. आमच्या मातोश्रींनी विचारलं, "हा कोण रे?" मुलगा म्हणाला, "हा ट्रक आहे, पण आत्ता मावळा झालाय." आम्ही त्या वेळी हसलो. आज वाटतं, त्या वयात त्याने केलेली व्याख्या आमच्या पीएच.डी.च्या प्रबंधातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा नेटकी होती.

मुलगा आता परदेशात असतो. त्याला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर, "बाबा, धुऊ नका, काही करू नका, आधी कुणाला तरी दाखवा." शोध घेतल्यावर कामशेतचा एक तरुण मिळाला. नोकरी कारखान्यात, छंद या खेळण्यांचा. तो रविवारी आला. खिशातून भिंग काढलं, घड्याळजीकडे असतो तसा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला. रोबोचं तोंडसुद्धा बघितलं नाही. हात उलटे करून बघितले आणि म्हणाला, "सर, मुठी कुठे आहेत?"

आता या मुठींपर्यंत यायचं तर थोडा इतिहास बघावा लागेल.

१९६४ साली अमेरिकेत हासब्रो कंपनीने जी. आय. ज्यो नावाचा सैनिक बाजारात आणला. हातपाय हलणारा, कपडे बदलता येणारा. म्हणजे बाहुलीच, पण मुलगे बाहुलीशी खेळत नाहीत, त्यांचे बाप विकत घेणार नाहीत, म्हणून कंपनीने त्याला बाहुली न म्हणता 'अ‍ॅक्शन फिगर' म्हटलं. तो शब्द तेव्हापासूनचा. नाव बदललं की वस्तू बदलते का, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. हा सैनिक परवान्याने जपानला गेला. ताकारा या कंपनीने तो विकला, आणि मग त्याच्याच शरीरावरून १९७२ मध्ये पारदर्शक अंगाचा, आतली यंत्रं दिसणारा 'हेन्शिन सायबॉर्ग' केला. हेन्शिन म्हणजे रूपांतर. त्याला लहान करून १९७४ मध्ये 'मायक्रोमॅन' आला. त्याच वर्षी पोपी या दुसऱ्या कंपनीने माझिंगर झेड हा ओतीव धातूचा रोबो काढला आणि हातात वजन जाणवणारी खेळणी जपानी मुलांना आवडू लागली. १९८० मध्ये ताकाराची 'डायक्लोन' मालिका आली, तिच्यात पुढे खऱ्याखुऱ्या मोटारींचे रोबो होऊ लागले. १९८३ मध्ये मायक्रोमॅनच्याच घरात 'मायक्रोचेंज' आली. तिची कल्पना मोठी गमतीची: घरातल्या वस्तूच रोबो आहेत. कॅसेट प्लेअर, पिस्तूल, कॅमेरा, मुलांच्या खेळण्यातली गाडी. कॅसेट प्लेअर पुढे साउंडवेव्ह झाला, वॉल्थर पी-३८ पिस्तुलाचा मेगाट्रॉन झाला.

तेव्हा या रोबोंना ही नावं नव्हती, आणि डायक्लोनचे रोबो तर जिवंतही नव्हते. ती यंत्रं होती; आत इवलासा चालक बसायचा. चुंबकाचे पाय असलेला, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा. अमेरिकेत गेल्यावर चालक काढून टाकला आणि यंत्राला जीव आला. हा बदल ज्याच्या नजरेमुळे झाला त्या माणसाबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत. हेन्री ओरेनस्टीन. पोलंडमधला ज्यू, नाझी छळछावण्यांतून जिवंत राहिलेला, अमेरिकेत येऊन खेळण्यांचा कारखाना काढलेला आणि तो बुडालेला. त्याने ही जपानी खेळणी बघितली आणि हासब्रोला गळ घातली, हे घ्या. २०२१ मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन वारला. पत्त्यांच्या पोकर खेळात खेळाडूची झाकलेली पानं प्रेक्षकांना दाखवणारा कॅमेरा, त्याचं पेटंटही याच गृहस्थाचं. झाकलेलं काय आहे ते दाखवायची त्याला आवड असावी.

हासब्रोने ताकाराशी करार केला, मार्वल कॉमिक्सला गोष्ट रचायला सांगितली. बॉब बुडियान्स्की नावाच्या संपादकाने बहुतेक रोबोंना नावं दिली, स्वभाव लिहिले. डायक्लोनमधला 'बॅटल कॉन्व्हॉय' नावाचा ट्रक होता, त्याला डेनी ओ'नील याने ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं. १९८४ मध्ये खेळणी, कॉमिक आणि सप्टेंबरात दूरदर्शन मालिका, तिन्ही एकदम. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने मुलांच्या कार्यक्रमांमधल्या जाहिरातींवरचे निर्बंध सैल केले होते, त्यामुळे अख्खा कार्यक्रमच जाहिरात झाला तरी हरकत घेणारं कुणी उरलं नाही. स्पर्धक होते. बांडाईची 'मशीन रोबो' ही जपानी खेळणी टोंका कंपनीने 'गोबॉट्स' म्हणून आधीच आणली होती. पण गोबॉट्सना गोष्ट तेवढी चांगली मिळाली नाही, आणि १९९१ मध्ये टोंका कंपनीच हासब्रोच्या पोटात गेली. थोडक्यात काय, अमेरिकेहून सैनिक गेला, जपानात बरीच वर्षं देह बदलत राहिला आणि रोबो होऊन त्याच दारात परत आला.

आपल्याकडे? १९८०च्या दशकात परदेशी खेळणं म्हणजे कुणीतरी बॅगेतून आणलेलं. आयातीवरची बंधनं इतकी होती की दुकानात ते दिसणं कठीण. एमआरएफ आणि हासब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली फनस्कूल ही कंपनी निघाली, गोव्यात कारखाना झाला, आणि हासब्रोचे साचे वापरून जी. आय. ज्यो इथेच बनू लागला. त्याचे रंग मूळ अमेरिकन सैनिकापेक्षा वेगळे, कधीकधी भलतेच. आपली मुलं त्यांच्याशी खेळली, मोडली, फेकली. आणि आता गंमत बघा, अमेरिकन संग्राहक हे भारतीय सैनिक मुद्दाम शोधून घेतात, कारण तसे रंग त्यांच्याकडे झालेच नाहीत. आपल्याला जी उणीव वाटत होती तीच आज दुर्मीळपणा ठरली. २००१ मध्ये आयातीवरची संख्येची बंधनं उठली आणि बाजारात खेळण्यांचा पूर आला, खऱ्यांचा आणि त्याहून जास्त खोट्यांचा. मग फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं, २०२३ मध्ये सत्तर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची. सरकारचा हेतू देशी उद्योगाला हात देण्याचा आणि मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये हा. तो वाईट म्हणता येणार नाही. पण कामशेतच्या आमच्या तरुणासारख्या माणसाला बाहेरून एक जुना रोबो मागवायचा तर कस्टमच्या खिडकीत तत्त्वज्ञान सांगत बसावं लागतं की हे खेळणं नाही, संग्रहवस्तू आहे. तिथला माणूस विचारतो, "मग याच्याशी खेळत नाहीत का?" प्रश्न बिनतोड आहे.

आता मुठी. या ऑप्टिमस प्राइमच्या हाताच्या मुठी वेगळ्या असतात. सुपारीच्या खांडाएवढ्या, निळ्या. रोबो उभा केला की त्या मनगटात बसवायच्या. ट्रक करायचा तर काढून बाजूला ठेवायच्या, कारण दुमडल्यावर त्यांना आत जागाच नाही. म्हणजे हे खेळणं 'संपूर्ण रूपांतर' असं मिरवत असलं तरी दर वेळी स्वतःचे हात मालकाच्या हाती ठेवून ट्रक होतं. आणि सात वर्षांचा मालक त्या मुठी कुठे ठेवणार? चड्डीच्या खिशात. जगभर या मुठी हरवल्या. म्हणून आज जाणकार आधी हात बघतो.

त्या तरुणाने आम्हाला जी तपासणी करून दाखवली ती खरोखर ऐकण्यासारखी होती. पुरातत्त्वाचे आमचे एक सहकारी होते, ते खापराचा तुकडा असाच हाताळायचे. पहिली पाहणी पूर्णतेची: मुठी, बंदूक, मागचा ट्रेलर, ट्रेलरच्या आतला छोटा सहाचाकी रोलर, क्षेपणास्त्रं, नळी. आमच्याकडे यातली फक्त बंदूक. मग सांधे: उभा केला की खांद्यातून हात लोंबतो का? मग चकाकता मुलामा, कुठे घासला आहे. मग स्टिकर्स, ती मुलाने स्वतः चिकटवायची असत, त्यामुळे थोडी तिरपी असतील तर उलट बरं, कारखान्यातून आल्यासारखी सरळ असतील तर नंतर छापून लावल्याची शंका. त्यातलं एक काळं, उष्णतेने बदलणारं. अंगठ्याने घासलं की तो कुठल्या पक्षाचा ते चिन्ह उमटतं. हे १९८५ पासून लावू लागले, नकली माल ओळखता यावा म्हणून. आमच्या मुलाने ते इतकं घासलं होतं की आता कुठलाच पक्ष दिसत नाही.

मग पदार्थ. पांढरं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं. काही जण ते हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून पांढरं करतात, जाणकारांना ते पसंत नाही. त्या दशकाच्या शेवटी सोनेरी झाक असलेलं एक प्लास्टिक वापरलं गेलं, ते तर कुणी हात न लावताही आतून मरतं. पेटीत नीट ठेवलेला रोबो वीस वर्षांनी काढला, हात वर केला, की हाताचे तुकडे. त्या रोबोंचं रूपांतर करायचंच नाही असा संग्राहकांमध्ये दंडक आहे. रूप बदलण्यासाठी जन्माला आला आणि रूप बदललं तर मरेल. अशा वस्तूचं काय करायचं ते सांगा!

शेवटी खोका. खोक्याच्या मागे त्या रोबोची माहिती आणि गुणांचा तक्ता असे, लाल पारदर्शक पट्टीतून वाचायचा. तो कापून जपून ठेवा असं कंपनीच सांगत होती. कूपनही कापायची. ज्या मुलांनी सांगितलेलं ऐकलं त्यांच्या खोक्यांची किंमत आज कमी. ज्यांनी खोका उघडलाच नाही त्यांची सर्वांत जास्त. अमेरिकेत अशा खेळण्यांना शंभरपैकी गुण देणारी संस्था आहे, ती परीक्षण करून खेळणं अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत कायमचं बंद करते. त्या तरुणाने हिशेब मांडला. हाच रोबो खोक्यासकट, सगळ्या तुकड्यांसकट असता तर आमच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या आसपास गेला असता. आत्ता आहे तसा, पाचवा हिस्सासुद्धा नाही. रद्दीवाल्याने तेव्हा त्या खोक्याचे काही पैसेही दिले नव्हते, इतर रद्दीच्या वजनात तो गेला.

यात आम्हाला जे खटकतं ते सांगतो. पुण्यात दिनकर केळकरांनी संग्रह केला. अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्‍या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने, राजाच्या नावाने, त्यांनी तो लोकांच्या हवाली केला. त्या संग्रहातला अडकित्ता बघताना त्याच्या मुठीची झीज आपण बघतो. कुणाच्या तरी पानसुपारीची वर्षं त्यात आहेत. कधीच सुपारी न कातरलेला, कागदात गुंडाळलेला अडकित्ता जास्त मोलाचा, असं केळकर म्हणाले असते का? उलट शिवराई घासून चकचकीत केली तर नाणी जमवणारा कपाळावर हात मारतो, कारण काळाने चढवलेला थर तुम्ही काढून टाकला. जुन्या वस्तूंच्या आपल्या व्यवहारात वापर हा पुरावा असतो. या रोबोंच्या बाजारात मात्र वापर हा डाग आहे. सर्वांत महाग खेळणं ते, ज्याच्याशी कुणीही कधीही खेळलेलं नाही. आता आम्ही त्या मंडळींना वेडं म्हणणार नाही. लाखो मुलांनी खेळून मोडलं म्हणूनच न मोडलेलं दुर्मीळ झालं, आणि मूळ वस्तू कशी होती हे सांगायला ते एक हवंच. पण त्या भावात खेळाची किंमत उणे धरलेली असते, एवढं विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक असावं.

आणि 'मूळ' म्हणजे काय? इथे फळ्यावरच्या विषयाकडे येऊ. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन विचारतो, महाराज रथातून आलात ना, मग रथ दाखवा. जू म्हणजे रथ का? आस? चाकं? काहीच नाही. आणि हे सगळं सोडूनही रथ नाही. रथ हे या सगळ्याच्या जुळणीला दिलेलं व्यवहाराचं नाव. आम्ही हा संवाद जवळजवळ तीस वर्षं वर्गात शिकवला. पण नागसेनाच्या रथाला एक गोष्ट येत नव्हती. त्याची चाकं दुमडून तो उभा राहून बोलू लागत नव्हता. आमच्या माळ्यावरच्या वस्तूत रथच सारथी होतो. तेच भाग, एकही वाढला नाही, फक्त जुळणी बदलली आणि नाव बदललं. नागसेनाला हे खेळणं मिळालं असतं तर त्याचा युक्तिवाद निम्म्या वेळात संपला असता. फक्त मुठींचं काय, हे त्याला सांगावं लागलं असतं.

आता हे यवन काही लांबचे नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवरचे लेख वाचा: धेनुकाकटच्या अमुक यवनाचं दान, तमुक यवनाचं दान. मिलिंदाच्या जातभाईंनी आपल्या डोंगरात खांब दिले आहेत. आणि त्याच चैत्यगृहात मान वर करून बघा. छताला लाकडाच्या कमानी आहेत. त्यांनी छत पेललेलं नाही. छत अखंड खडकाचं, ते पडणारच नव्हतं. लाकडी बांधकामाची सवय दगडातही सुटली नाही म्हणून त्या बसवल्या. त्यातलं लाकूड बहुतांशी मूळचं आहे, स्तूपावरचं लाकडी छत्रही. दोन हजार वर्षांचं! दगड टिकला यात नवल नाही, हे लाकूड टिकलं. कल्पना करा, उद्या त्यातली एक कमान निखळली आणि नवी बसवली. बसवायला हरकत नाही. पण पुरातत्त्व खात्याने 'ही नवी' असं नोंदवलं नाही तर पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक फसेल. लबाडी नव्या लाकडात नसते, न केलेल्या नोंदीत असते.

रोबोंच्या बाजारात नेमकं हेच चालतं. ताकाराने आणि हासब्रोने स्वतःच जुन्या साच्यांतून पुन्हा खेळणी काढली. ती खोटी नव्हेत, पण १९८४ चीही नव्हेत. अमेरिकेतल्या पुनर्निर्मितीत ऑप्टिमस प्राइमच्या धुराच्या नळ्या मुलांना टोचू नयेत म्हणून आखूड केल्या, त्यावरून ती चटकन ओळखू येते. मग नकली: साचाच चोरलेला, प्लास्टिक हलकं, स्क्रूचं डोकं निराळं, शिक्का पुसट किंवा गायब. आणि सगळ्यात अवघड तिसरा प्रकार, अस्सल देह आणि नकली मुठी. नव्या मुठी सहज विकत मिळतात. आमच्या तरुणाने मांडलं ते असं: "सर, मुठी बसवू, स्टिकर्स नवी छापून लावू, सांध्यातली माती ब्रशने काढू. निम्म्याने भाव वाढेल. बरेच जण असं करतात आणि लिहीत नाहीत. मी लिहितो, म्हणून माझा माल लवकर जात नाही."

त्याचं शेवटचं वाक्य ऐकल्यावर आम्ही त्याला चहा आणखी एकदा विचारला.

त्यालाच आम्ही विचारलं, तुझ्याकडचा सर्वांत आवडता कोणता? आम्हाला वाटलं, एखादा १९८४ चा दाखवेल. त्याने पिशवीतून हिरवी, तळहाताएवढी गाडी काढली. त्या गाडीमागची गोष्ट आपल्या तालुक्यातली आहे.

१९८५ मध्ये स्किड्स नावाचा एक रोबो होता. तो होंडा सिटी टर्बो या छोट्या जपानी गाडीचा होई; आपल्याकडच्या लांबड्या होंडा सिटीचा नव्हे. २००७ मध्ये चित्रपट सुरू झाले आणि जनरल मोटर्सशी संधान जुळलं. आधी फोक्सवॅगन बीटल असलेला बम्बलबी शेवर्ले कमॅरो झाला. जून २००९ च्या दुसऱ्या चित्रपटात स्किड्सला नवा देह मिळाला: शेवर्ले बीट. २००७ च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडलेली, कोरियात आखलेली नमुन्याची हिरवी गाडी. चित्रपटातल्या त्या जोडगोळीची विनोदी बोली म्हणजे कृष्णवर्णीयांची टवाळी आहे, अशी टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण गाडी बघा. जानेवारी २०१० मध्ये हीच बीट भारतात विक्रीला आली, आणि ती बनत होती तळेगावात! २००८ मध्ये सुरू झालेल्या, वर्षाला १,४०,००० गाड्यांची क्षमता असलेल्या कारखान्यात, आमच्या घरापासून काही किलोमीटरवर. म्हणजे जगातल्या मुलांना जो रोबो पडद्यावर दिसत होता त्याचा सडकेवरचा अवतार मावळातली पोरं जोडत होती. आम्हाला तेव्हा हे माहीतही नव्हतं. रस्त्यावर हिरवी बीट दिसली की फक्त रंग भडक वाटायचा.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २०१७ च्या शेवटी कंपनीने भारतातली विक्री थांबवली. निर्यातीसाठी काम चालू राहिलं, ते डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं. हजाराहून जास्त कामगार कोर्टकचेऱ्यांत अडकले. एका चिनी कंपनीचा सौदा २०२२ मध्ये फिसकटला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने करार करून तो कारखाना घेतला. इमारत तीच, जोडणीची ओळ नवी, फाटकावरचं नाव नवं. नागसेन विचारेल, कारखाना दाखवा. आम्ही काय दाखवणार? ज्यांच्या हातांना त्या गाडीची जोडणी पाठ होती ती माणसं आज त्या ओळीवर नाहीत. त्यातले किती परत लागले याची चर्चा तुमच्या घरांत आमच्यापेक्षा जास्त होत असेल. बीट गाड्या रस्त्यावर हळूहळू कमी होतायत, सुटे भाग मिळणं कठीण होतंय. आणि जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांत संग्राहकांच्या कपाटात, न उघडलेल्या वेष्टनात, ही हिरवी बीट नवीकोरी बसली आहे.

त्या तरुणाने स्वतःची उघडली होती. चाकांची कड घासलेली. म्हणाला, "ही मी विकणार नाही सर. आपल्याकडची आहे." छापील मजकूर वाचला तर ती चीनमध्ये बनलेली. आम्ही ते त्याच्या नजरेस आणून दिलं नाही. त्याला ते आमच्याआधी माहीत असणार.

तर आमच्या रोबोचं काय झालं, हे सांगून थांबतो. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही ठरवा. पण विकलात तर खरं लिहा." शेवटी विकला नाही. मुठी मात्र नव्या बसवल्या, कारण नातू सुट्टीत येणार होता आणि मुठीविना रोबो त्याला दाखवणं बरं वाटेना. स्टिकर्स लावली नाहीत. माती काढली नाही. डाव्या गुडघ्याच्या सांध्यात आहे, काळी, किल्ल्याची. आमच्या सौभाग्यवतींनी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मराठीत लिहून पेटीत ठेवलं: देह १९८५ च्या सुमाराचा, अमेरिकेहून आणलेला. बंदूक मूळची. दोन्ही मुठी नव्या. ट्रेलर नाही. खोका आजोबांनी रद्दीत दिला. ते शेवटचं वाक्य आम्ही खोडायला सांगितलं, त्यांनी खोडलं नाही.

नातवाने तासाभरात त्याचा ट्रक केला. आम्ही विचारलं, मुठी कुठे ठेवल्यास? त्याने लोणावळ्याच्या चिक्कीचा रिकामा डबा दाखवला. गेल्या आठवड्यात त्यात एकच होती.

वेळ झाली आहे. ज्यांना लेण्यांबद्दल विचारायचं आहे त्यांनीही विचारावं, फळ्यावर ते लिहिलेलं आहेच.